रफी अहमद किडवई

मुंबईत शिवडीहून वडाळ्याकडे जाणारा एक मोठा रस्ता आहे. त्याचे नाव रफी अहमद किडवई मार्ग. रोज हजारो लोक या रस्त्याने जातात. पण हे किडवई कोण होते, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या घरात रोज शिजणाऱ्या अन्नाशी या माणसाच्या कार्याचा जवळचा संबंध आहे.

रफी अहमद यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी झाला. उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यातले मसौली हे त्यांचे गाव. घराणे जमीनदारांचे होते. अलीगढ येथे पदवी घेतल्यावर ते कायद्याचा अभ्यास करू लागले. तेवढ्यात महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. रफी अहमद यांनी शिक्षण सोडले आणि ते चळवळीत उतरले. त्यांना तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर त्यांनी काही काळ मोतीलाल नेहरू यांचे चिटणीस म्हणून काम केले. १९२६ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. पुढे रायबरेली भागात शेतकऱ्यांनी सरकारला सारा देऊ नये म्हणून चळवळ झाली. तिच्यातही ते पुढे होते.

१९३७ मध्ये त्यांच्या प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. गोविंद वल्लभ पंत मुख्य झाले आणि रफी अहमद महसूलमंत्री झाले. त्या काळी जमीनदार मनात येईल तेव्हा कुळाला जमिनीवरून काढून टाकत असे. कुळांना जमिनीवर कायमचा हक्क मिळावा, यासाठी रफी अहमद यांनी नवा कायदा तयार करण्यात मोठा वाटा उचलला. स्वतः जमीनदाराच्या घरात जन्मलेला मनुष्य गरीब कुळांच्या बाजूने उभा राहिला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पंडित नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात, त्यांना धरून, १४ मंत्री होते. सरदार पटेल गृहमंत्री, मौलाना आझाद शिक्षणमंत्री आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. राजकुमारी अमृत कौर यांच्याकडे आरोग्य खाते होते. महाराष्ट्राचे काकासाहेब गाडगीळही या मंत्रिमंडळात होते. त्यात निरनिराळ्या धर्मांची, प्रांतांची आणि मतांची माणसे होती. काही जण तर काँग्रेस पक्षाचेही नव्हते. नवा देश सर्वांनी मिळून चालवावा, हा त्यामागील विचार होता. रफीसाहेब दळणवळणमंत्री झाले.

पण ते दिवस सुखाचे नव्हते. फाळणीमुळे ठिकठिकाणी दंगली उसळल्या होत्या. रफीसाहेबांचे सख्खे भाऊ शफी अहमद हे मसुरी येथे अधिकारी होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये दंगलखोरांनी त्यांची हत्या केली. शफी अहमद यांच्या पत्नी अनीस किडवई दुःख बाजूला ठेवून दिल्लीतील निर्वासितांच्या सेवेला लागल्या. त्या दिवसांवर त्यांनी लिहिलेले उर्दू पुस्तक प्रसिद्ध आहे. रफीसाहेबही खचले नाहीत. त्यांनी मनात सूड धरला नाही, की आपले काम सोडले नाही.

दळणवळण खात्यात त्यांनी एक नवी गोष्ट केली. १९४९ मध्ये रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत. मध्यरात्री ती आपल्या नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत जात. पत्र विमानाने जाई, तरी लोकांना जास्तीचे तिकीट लावावे लागत नसे.

१९५१ मध्ये पक्षातील मतभेदांमुळे त्यांनी मंत्रिपद सोडले. पण लवकरच ते काँग्रेसमध्ये परतले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, नेहरूंनी त्यांच्याकडे अन्न आणि शेती ही खाती सोपवली. हे काम सर्वांत अवघड होते.

१९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मेली होती. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. शिधापत्रिकेवर मिळेल तेवढेच धान्य घ्यायचे, असा नियम होता. शेतकऱ्याला ठरलेल्या भावाने सरकारला धान्य द्यावे लागे. परवान्याशिवाय एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात नेता येत नसे. लोक रांगेत उभे राहत आणि काळ्या बाजारात व्यापारी दुप्पट-तिप्पट भाव घेत. ही बंधने एकदा उठवून पाहिली होती, पण भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. त्यामुळे त्यांना हात लावायला कोणी धजत नव्हते.

रफीसाहेबांना वाटले, की देशात धान्य अगदीच कमी नाही. उद्या मिळणार नाही या भीतीने शेतकरी, व्यापारी आणि गिऱ्हाईक सगळेच ते दडवून ठेवतात. ही भीती घालवली, तर धान्य बाजारात येईल. पण अंदाज चुकला असता, तर गरिबांच्या चुली विझल्या असत्या. म्हणून त्यांनी घाई केली नाही. सरकारी गोदामांत धान्याचा साठा ठेवला. परदेशातून गहू आणि तांदूळ आणला. मग एकेका धान्यावरील आणि एकेका भागातील बंधने हळूहळू सैल केली. मद्रास राज्यात राजाजींनी १९५२ मध्येच रेशनिंग उठवले, तेव्हा रफीसाहेबांनी त्यांना पाठिंबा दिला. भाव चढू लागले, की सरकारी साठ्यातील धान्य बाजारात सोडले जाई. निसर्गानेही साथ दिली. १९५१-५२ मध्ये देशात सुमारे ५ कोटी २० लाख टन धान्य पिकले होते. १९५३-५४ मध्ये ते सुमारे ७ कोटी टनांवर गेले. १९५४ मध्ये देशातील रेशनिंग उठले. पुढील काळात टंचाई पुन्हा आली आणि रेशनची दुकानेही पुन्हा लागली. तरी त्या वेळी लोकांनी मोकळा श्वास घेतला.

हे यश पाहायला रफीसाहेब फार दिवस राहिले नाहीत. त्यांना दम्याचा विकार होता. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. मसौली गावीच त्यांचे दफन झाले. अडलेल्यांना मदत करताना त्यांनी स्वतःसाठी काही साठवले नव्हते. इतकी वर्षे मंत्री राहिलेल्या या माणसाने मागे धनदौलत ठेवली नाही.

शेतीच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने १९५६ मध्ये पुरस्कार सुरू झाला. मंत्रिमंडळाचे निर्णय दिल्लीत होतात, पण त्यांचा परिणाम खेड्यातल्या चुलीपर्यंत पोहोचतो. निर्णय घेताना रफीसाहेबांच्या डोळ्यांपुढे ती चूल होती. म्हणूनच वडाळ्याच्या रस्त्यावरील ते नाव वाचताना आपण क्षणभर थांबावे.