कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे

आमच्या गावाहून कोल्हापूरला येणारी एस.टी. कुरुंदवाडवरून जाते. बारावीपर्यंत त्या स्टँडवर मी कितीतरी वेळा उतरलो असेन. शेंगदाणे घ्यावेत, गाडी बदलावी आणि पुढे जावे, एवढाच माझा आणि त्या गावाचा संबंध. लठ्ठे हे नाव मी सांगलीला एका शिक्षणसंस्थेच्या फलकावर वाचले होते, पण ते कोणा देणगीदार व्यापाऱ्याचे असावे असे मी धरून चाललो होतो. गेल्या वर्षी वर्गात राजर्षी शाहू महाराजांवरचा पाठ चालू असताना सरांनी जाता जाता सांगितले, की महाराजांचे पहिले मोठे चरित्र ज्यांनी लिहिले, त्या वकिलांना एके काळी कोल्हापूर सोडून जावे लागले होते. तास संपला, पण हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

आमच्या घरात वकील हा शब्द फारसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. बांधाच्या एका दाव्यापायी माझ्या वडिलांनी अकरा वर्षे तारखा केल्या. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडायची आणि हाती पुढची तारीख यायची. तेव्हा एका वकिलाच्या चरित्रावर मी लेख लिहीन, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ सालचा, कुरुंदवाडचा. त्या वेळी कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान होते. जैन समाजात तेव्हा शेती आणि व्यापार भरपूर, शिक्षण मात्र नावालाच. त्या काळात हा मुलगा एम. ए. झाला, एल्एल. बी. झाला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात आपल्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना ह्या दोन पदव्यांचे वजन वेगळे सांगायला नको. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली, तिच्या संस्थापकांत अण्णासाहेब होते. वय वीस वर्षांचे, म्हणजे माझ्याहून जेमतेम एका वर्षाने मोठे! १९०५ साली त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले. पुढे राजाराम कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि करवीर संस्थानच्या शिक्षण खात्यातही त्यांनी काम केले.

ती वर्षे कोल्हापुरात बोर्डिंगांची वर्षे होती. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि मग महाराजांच्या आश्रयाने एकेका समाजाचे वसतिगृह उभे राहत गेले. जैन बोर्डिंग त्यांतलेच. मी स्वतः आज एका बोर्डिंगात राहतो. शेरभर भात आणि पातळ आमटीवर कुरकुर करतो, पण हे छप्पर नसते तर मी आज उसाच्या फडात असतो, हेही मला ठाऊक आहे.

ह्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगा मुलगा राहत होता, भाऊराव पाटील. पुढे कर्मवीर म्हणून ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखू लागला तेच हे भाऊराव. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंगचा कारभार पाहणाऱ्या लठ्ठ्यांनी त्यांना बाहेर काढले, असे कर्मवीरांचे चरित्रकार सांगतात. ज्यांच्यावर गौरवाने लिहायचे त्यांची ही गोष्ट गाळावी, असे एका मित्राने मला सुचवले. मला ते पटले नाही. सुधारणेची पुस्तके वाचलेला माणूससुद्धा पंगतीच्या आणि सोवळ्याच्या नियमापाशी अडतो, हे आपण गौरवाच्या भरात विसरू नये. अण्णासाहेब तेथे चुकले.

आता पुढची गोष्ट. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. इंग्रजी अंमल, त्यातून संस्थान. मोठा गहजब झाला. आरोपी हवा होता आणि संशयाचे बोट अण्णासाहेबांकडे वळवण्यात आले. त्यासाठी साक्षीदार पाहिजे, म्हणून भाऊरावांना धरले. लठ्ठ्यांविरुद्ध जबानी दे, म्हणजे सुटशील, असा प्रकार होता. भाऊराव कबूल होईनात. त्यांना कोठडी घडली, मार बसला, छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, असे चरित्रकार लिहितात. पण ज्यांनी आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध खोटे बोलण्यास ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या भावकीत मारामारी झाली. मी त्या दिवशी गावात नव्हतो. सुट्टीला गेलो तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने कागद पुढे केला आणि प्रत्यक्ष पाहणारा म्हणून सही कर म्हणाले. घरात लिहिता-वाचता येणारा तूच, तुझ्या सहीला वजन आहे, असेही म्हणाले. मी सही केली. कोणी मला मारले नव्हते की कोंडले नव्हते, केवळ भिडेपोटी केली. पुढे प्रकरण गावातच मिटले आणि मला कोणी बोलावले नाही. मात्र भाऊरावांची हकीकत ग्रंथालयात वाचली त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावात वकिली मांडली. वकिलीत जम बसला, पण ते केवळ अशिलांत गुंतून राहिले नाहीत. वालचंद कोठारी आदींबरोबर त्यांनी डेक्कन रयत असोसिएशनच्या रूपाने ब्राह्मणेतर चळवळीला राजकीय तोंड दिले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरच्या पहिल्या केंद्रीय विधिमंडळात ते सभासद होते.

१९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराज वारले. ज्या संस्थानात आपल्यावर बालंट आले, त्या संस्थानच्या राजाबद्दल लठ्ठ्यांनी गप्प राहायचे ठरवले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी दोनच वर्षांत, १९२४ साली, महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. वेदोक्ताचे प्रकरण, मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखणारा १९०२ चा जाहीरनामा, वसतिगृहे ह्यांवर नंतर ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांना ह्या ग्रंथाकडे यावेच लागले. आणि योगायोग पाहा, त्याच १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे त्याला नाव दिले ते शाहू महाराजांचेच. १९१४ साली कोल्हापुरात ज्यांच्यावर संकट कोसळले ते हे दोघे, आणि दहा वर्षांनी दोघांनी आपापल्या हाताने महाराजांचे स्मारक उभारले, एकाने कागदाचे आणि एकाने वीट-मातीचे. दोघांनी आपला वैयक्तिक हिशेब महाराजांच्या कार्याच्या हिशेबात मिसळू दिला नाही. हे मोठेपण कोठून येते, ते मला अजून नीट उलगडलेले नाही.

कोल्हापूरनेही त्यांना परत बोलावले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९२५ नंतरच्या वर्षांत, अण्णासाहेब त्याच संस्थानचे दिवाण झाले. सरकारने त्यांना दिवाणबहादूर ही पदवी दिली. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, आणि १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. खेर सरकारला दारूबंदी आणायची होती. दारूवरचा अबकारी कर हे तर सरकारचे मोठे उत्पन्न. ते बुडाले की शाळा, दवाखाने कशावर चालवायचे? अर्थमंत्र्यांनी १९३९ साली मुंबईसारख्या शहरांतील घर-इमारतींवर शेकडा दहाचा कर बसवला. मालमत्ताधारकांनी ओरड केली. दारूबंदी पुढे कितपत यशस्वी झाली हा वेगळा विषय आहे, पण गरिबाच्या गुत्त्यावरून मिळणारा पैसा सोडून तो इमारतवाल्याकडून घ्यावा, हा हिशेब मला तरी सरळ वाटतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अण्णासाहेबांची ती कारकीर्द संपली.

१९५० साली ते वारले. देश प्रजासत्ताक झाला होता, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन वर्ष उलटले होते.

दिवाळीच्या सुट्टीला गावी जाताना ह्या वेळी मी कुरुंदवाडला मुद्दाम दोन तास थांबलो. नदीकडे जाऊन आलो. स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्या आजोबांना अण्णासाहेब लठ्ठ्यांबद्दल विचारले, तर त्यांनी कोणत्या गल्लीतले म्हणून मलाच उलटे विचारले. शाहू चरित्राचा पहिला खंड ग्रंथालयातून आणला आहे. इंग्रजी जड जाते, शब्दकोश जवळ ठेवून दिवसाला चार पाने होतात. वडिलांनी परवा विचारले, एवढे काय वाचतोस म्हणून. एका वकिलाचे पुस्तक आहे म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, पण कंदिलासारखा मिणमिणता तो ओसरीवरचा दिवा त्यांनी माझ्या बाजूला सरकवून दिला.