हेलिगोलंडचे पक्षिनिरीक्षक हाइनरिख गेट्के

वसंताची चाहूल लागतांच सहस्रावधि पाणपक्षी हिवाळ्यांतील ठाणीं सोडून उत्तरेची वाट धरितात. आमच्या कोंकणांतील खाड्यांवरूनहि ते असेच निघून जातात. पण ते कोठें जातात, याचा विचार कितीजण करितात? या प्रश्नास ज्यांनीं सारें आयुष्य वाहिलें, त्या गृहस्थांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हाइनरिख गेट्के यांचा जन्म १८१४ सालीं जर्मनींतील ब्रांडेनबुर्ग प्रांतांत झाला. १८३७ सालीं ते चित्रें काढण्यासाठीं उत्तर समुद्रांतील हेलिगोलंड बेटावर गेले आणि तेथलेच झाले. सुमारें १ चौरस किलोमीटरचें हें तांबड्या खडकाचें बेट १८९० पर्यंत इंग्रजांच्या ताब्यांत होतें. तेथील गव्हर्नरांचे चिटणीस म्हणून गेट्के यांनीं काम केलें.

चहूंकडे अफाट समुद्र असल्यामुळें थकलेले पक्षी या बेटावर उतरत. हिंवाळा सरतां सरतां टिटव्यांचे थवे परतूं लागत. अंधाऱ्या रात्रीं दीपगृहाभोंवतीं असंख्य पक्षी घिरट्या घालीत. गेट्के यांनीं पन्नासांहून अधिक वर्षें पक्षी, वारा व हवामान यांचीं टिपणें ठेविलीं. बेटावरील शिकारीहि अनोळखी पक्षी त्यांच्याकडे आणून देत. १८५८ सालीं ध्रुवप्रदेशांतील दुर्मिळ, गुलाबी छटेचा रॉसचा कुरव त्यांना तेथें मिळाला. त्या चिमुकल्या बेटावर त्यांनीं सुमारें चारशें जातींची नोंद केली!

१८९१ सालीं, म्हातारपणीं, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरदऋतूंत कित्येक जातींचीं पिलें आईबापांच्या आधींच, वाटाड्यावांचून प्रवासास निघतात, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. मात्र पक्ष्यांच्या वेगाविषयींचे त्यांचे अंदाज फार चढे होते. ते पुढील संशोधकांनीं खोडून काढिले; पण डोळ्यांनीं पाहून केलेल्या नोंदींचें मोल कमी झालें नाहीं. ज्ञानाच्या मार्गांत अनुमानें बदलतात, प्रामाणिक निरीक्षण टिकतें.

१८९७ सालीं त्याच बेटावर त्यांचें देहावसान झालें. पुढें १९१० सालीं तेथें पक्षिनिरीक्षणाचें केंद्र स्थापन झालें. मुंबईचे डॉ. सलीम अली यांनीं पक्ष्यांच्या पायांत कडीं घालण्याची विद्या तेथेंच अभ्यासिली. गेट्के यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. होती ती एक जागा व अखंड चिकाटी. आमच्या विद्यार्थ्यांच्या घराजवळहि खाडी, तळें किंवा नदी असेलच. येत्या फाल्गुनांत तेथें एक वही घेऊन जावें, एवढीच आमची विनंती.