टिळकांचा राजीनामा

लोकमान्यांचा जन्म आपल्या रत्नागिरीतला, २३ जुलै १८५६ चा. केसरी, मंडाले हे तर पोराटोरांनाही पाठ असतं. सोसायटीचा एक साधा सभासद म्हणून मला मात्र त्यांचा १८९० चा राजीनामा जास्त जवळचा वाटतो.

१८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. टिळक, आगरकर वगैरे आजीव सभासदच कारभार पाहायचे. अल्प वेतन घ्यायचं आणि सगळा वेळ संस्थेला द्यायचा, हे टिळकांच्या मते ठरलेलं. पुढे पगारवाढ आणि बाहेरची कामं यांवरून वाद झाले. सहकाऱ्यांच्या संसाराच्या अडचणी खऱ्याच होत्या. पण नियम आधी कारभाऱ्यांना लागू, यावर टिळक ठाम राहिले. बहुमत विरोधात गेलं, तेव्हा सविस्तर कारणं लिहून देऊन ते बाहेर पडले. संस्था मोडली नाही. फर्ग्युसन कॉलेज आजही उभं आहे.

वार्षिक सभेत हिशेब विचारणारा आपल्यातल्या काहींना कटकट्या वाटतो. विचारू द्या की त्याला! कमिटीने उत्तर लेखी द्यावं, आणि ते ऐकायला आपण सगळ्यांनी सभेला यावं, एवढीच रौप्यमहोत्सवानिमित्त विनंती.