जमाखर्चात न बसणारे दान

पंडिता रमाबाई म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या विदुषी, एवढेच मला शाळेत असल्यापासून ठाऊक होते. पुढे त्यांचे चरित्र वाचताना एका गोष्टीपाशी मी अडले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने लाभला असे त्यांना वाटले ते १८९१ च्या सुमारास. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वहीत नोंद झाल्यावर रक्कम हाती यायला आठ वर्षे का लागावीत, असा प्रश्न मला पडला.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, एका मराठी शास्त्र्याच्या घरी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले. तिने ते लेकीला दिले. पुण्य गाठीला असावे म्हणून हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत भारतभर हिंडले. होते नव्हते ते दान केले. पुढे दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर रमाबाई पायी भटकत राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ साली पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा उरली.

पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळतात, हे पाहून त्यांचे मन हलले. वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही मनाला शांती नव्हती. धर्म बदलला, पण पुण्य कमवायची जुनी सवय सुटली नव्हती. हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त आणि बायबल वाचताना त्यांना उमगले, की तारण कमवायचे नसते. ते देवाच्या कृपेने फुकट मिळते आणि विश्वासाने नुसते हात पुढे करून घ्यायचे असते. कलकत्त्याच्या पदव्या विद्वत्तेने मिळाल्या होत्या. ही नवी ओळख तशी नव्हती. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. रक्कम जमाच होती. ती आपली कमाई म्हणून दाखवायचा हट्ट सुटायला आठ वर्षे लागली.

फुकट मिळाले म्हणून माणूस आळशी होईल, अशी शंका येते. रमाबाईंचे उलटेच झाले. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले होते. तेथील मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ साली वादळ उठले. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या भीतीलाही कारण होते, हे मान्य केले पाहिजे. पण रमाबाईंनी काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली व विधवा आणल्या. केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले ते त्यांच्यासाठी. भुकेने घरची माणसे गमावलेल्या बाईला त्या मुलींची पात्रता तपासायची गरज वाटली नाही.

अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. १९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आम्हाला शिकवतात की प्रत्येक नावे रकमेसमोर तेवढीच जमा रक्कम हवी. रमाबाईंच्या वहीत एक बाजू कायम कोरी राहिली. ती भरायचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला, आणि मग हाताला आले ते वाटत राहिल्या.