लॅमिंग्टन रोडवाले लॅमिंग्टन वाचले कसे? उधमसिंग यांच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट

मुंबईचा लॅमिंग्टन रोड माहीत नाही असा माणूस विरळाच. खामगाव-मलकापूरच्या दुरुस्तीवाल्यालाही एखादा पार्ट कुठेच मिळेना, की तो लॅमिंग्टन रोडचं नाव घेतो. रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ज्या लॅमिंग्टनच्या नावाने तो आधी ओळखला जायचा, ते लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. 13 मार्च 1940 ला लंडनमध्ये याच लॅमिंग्टनना एक गोळी लागली. हात जखमी झाला, जीव वाचला. गोळी झाडणारे होते उधमसिंग.

आता प्रश्न असा, की एका माणसाने सहा गोळ्या झाडल्या, त्याही अगदी जवळून, आणि समोरच्या चौघांपैकी मेला एकच. हे कसं? याचं उत्तर त्या रिव्हॉल्व्हरच्या जन्मतारखेत आहे. पण आधी माणूस बघू.

उधमसिंग यांचा जन्म 26 डिसेंबर 1899 चा, पंजाबातल्या सुनाम गावचा. मूळ नाव शेरसिंग. आई-वडील लवकर गेले आणि दोघं भाऊ अमृतसरच्या खालसा अनाथाश्रमात वाढले. पुढे भाऊही गेला. पहिलं महायुद्ध चालू असताना हा पोरगा फौजेत भरती झाला आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याकडे जाऊन आला.

मग 13 एप्रिल 1919. जालियनवाला बाग. जनरल डायरच्या सैनिकांनी 1650 फैरी झाडल्या. सरकारी आकडाच 379 मृतांचा आहे, लोकांनी सांगितलेला त्याहून कितीतरी मोठा. उधमसिंग त्या दिवशी बागेत लोकांना पाणी पाजत होते अशी गोष्ट सगळीकडे फिरते. तिला पक्का कागदोपत्री आधार नाही. तो राग त्यांनी आयुष्यभर सांभाळला, याला मात्र आधार आहे.

फॉरवर्ड मेसेजमध्ये नेहमी होणारी एक गल्लत इथेच निस्तरू. गोळीबार करणारा डायर वेगळा, आणि उधमसिंग यांनी मारला तो मायकेल ओ'ड्वायर वेगळा. डायर 1927 मध्येच आजारपणाने मेला. ओ'ड्वायर तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. त्याने डायरची पाठराखण केली आणि निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये बसूनही त्या गोळीबाराचं समर्थन करत राहिला.

उधमसिंग अमेरिकेत गेले, गदर पार्टीच्या लोकांत मिसळले. 1927 मध्ये परतल्यावर अमृतसरला विनापरवाना शस्त्रं आणि गदरचं साहित्य घेऊन सापडले. पाच वर्षांची सजा झाली. 1931 ला सुटले, 1933 ला पासपोर्ट काढला आणि पुढच्या वर्षी लंडन गाठलं. तिथे पडेल ते काम केलं. सिनेमात गर्दीतला एक्स्ट्रा म्हणूनसुद्धा उभे राहिले. नावं बदलत राहिले, पोलिसांचं लक्ष चुकवत राहिले. अशी सहा वर्षं गेली.

आणि या काळात कधीतरी त्यांच्या हाती एक रिव्हॉल्व्हर आलं. एका सैनिकाकडून, दारूच्या गुत्त्यात. ते होतं .455 बोअरचं अमेरिकन बनावटीचं स्मिथ अँड वेसन, मार्क 2.

अमेरिकन रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैनिकाकडे काय करत होतं? 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश फौजेचं ठरलेलं रिव्हॉल्व्हर होतं वेब्ली. पण फौज इतक्या वेगाने वाढली की वेब्ली कंपनीला पुरवठा झेपेना. मग ब्रिटनने अमेरिकेतल्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडे ऑर्डरी टाकल्या. अट एकच, काडतूस आमचं .455 चं चाललं पाहिजे. स्मिथ अँड वेसनने 1914 ते 1917 या काळात अशी सुमारे पाऊण लाख रिव्हॉल्व्हरं बनवली. त्यातलं पहिलं मॉडेल फौजेच्या भाषेत मार्क 1, 1915 पासूनचं दुसरं मार्क 2. म्हणजे नुसत्या नावावरूनच हत्याराचं वय कळतं.

जुन्या हत्यारांचा अभ्यास करणारे याच्याही पुढे जातात. मुठीच्या बुडाला सीरियल नंबर असतो. तो कारखान्याच्या नोंदींशी ताडला की हत्यार कधी बाहेर पडलं ते कळतं. फौजेने स्वीकारलेल्या हत्यारावर बाणाचा छाप असतो. पुढे ते बाजारात विकलं गेलं तर दुसरे छाप पडतात, परदेशी बनावटीचं असल्याचा शिक्काही त्यात येतो. काडतुसाच्या बुडावर बनवणाऱ्याची खूण असते, पुष्कळदा सालही. हत्यार म्हणजे एका अर्थाने शिक्के मारलेला पासपोर्टच. (तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालं तर आधी पोलीस ठाणं गाठा, फोटो नंतर टाका. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा आहे.)

युद्ध संपल्यावर अशी कितीतरी रिव्हॉल्व्हरं ब्रिटनमधल्या घराघरांत राहिली. त्यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड नव्हतं. अवघड होती काडतुसं. 1920 च्या कायद्यापासून तिथे हत्यार आणि दारूगोळा दोन्हीसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र लागायचं. तुरुंग भोगून आलेल्या हिंदी माणसाला ते कोण देणार? जे मिळालं ते घ्यायचं. उधमसिंग यांना मिळाली .44 ची काडतुसं.

कागदावर फरक किरकोळ दिसतो. .455 ची गोळी साधारण साडेअकरा मिलिमीटर जाडीची, .44 ची अकराच्याही थोडी आत. पण नळीत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट राहिली की दोन गोष्टी होतात. दारूचा वायू गोळीच्या बाजूने निसटतो, म्हणून गोळीला पुरता जोर मिळत नाही. आणि नळीतल्या आट्यांना गोळी नीट धरता येत नाही, म्हणून ती फिरकी न घेता भरकटत जाते.

कॅक्स्टन हॉलमधली सभा अफगाणिस्तानवर होती. व्याख्यान संपून लोक उठत होते तेव्हा उधमसिंग पुढे आले. दोन गोळ्या ओ'ड्वायरच्या पाठीत गेल्या, तो जागीच संपला. सभेचे अध्यक्ष आणि भारतमंत्री लॉर्ड झेटलंड यांना किरकोळ जखमा झाल्या. पंजाबचे आणखी एक माजी लेफ्टनंट गव्हर्नर लुई डेन यांचा हात मोडला. आणि आपले लॅमिंग्टन हातावर निभावले. काडतुसं मापाची असती तर या तिघांचं काय झालं असतं, याचा अंदाज करता येतो. त्यांचं दैव एका चुकीच्या मापाच्या काडतुसात होतं. पुण्यात 1931 साली वासुदेव बळवंत गोगटे यांनी फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या होत्या, तोही वाचला होता.

उधमसिंग पळाले नाहीत. पोलिसांना नाव सांगितलं मोहम्मद सिंग आझाद, म्हणजे एकाच नावात हिंदुस्थानातले धर्म आणि स्वातंत्र्य. तुरुंगात त्यांनी 42 दिवस उपोषण केलं. जूनमध्ये खटला चालला. त्यांच्या वकिलांत व्ही. के. कृष्ण मेनन होते. शिक्षा होण्याआधी कोर्टात त्यांनी केलेलं भाषण छापायला बंदी घातली गेली, ते लोकांसमोर यायला 1996 उजाडलं. इकडे गांधीजींनी आणि नेहरूंनी त्या वेळी या कृत्याचा निषेध केला होता. नेहरूंचं मत पुढे बदललं.

31 जुलै 1940 ला पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली आणि तिथेच आवारात पुरलं गेलं. लॉर्ड लॅमिंग्टन त्याच सप्टेंबरात वारले. उधमसिंग यांचे अवशेष 1974 मध्ये भारतात आले आणि सुनामला अंत्यसंस्कार झाले. रिव्हॉल्व्हर मात्र आलं नाही. ते, एक चाकू, त्यांची डायरी आणि त्या दिवशीची एक गोळी लंडन पोलिसांच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.