श्रीनाथांची उतराई

संतसज्जनहो, श्रीएकनाथमहाराजांच्या चरित्रातील पाईची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? मातापिता लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणी यांनी सांभाळ केला, आणि बालवयातच नाथ पैठणाहून देवगडास श्रीजनार्दनस्वामींच्या सेवेस लागले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. त्यांच्या कचेरीचा जमाखर्च नाथ लिहीत. एके रात्री एका पाईचा मेळ काही केल्या बसेना. दिवा लावून नाथ रात्रभर वहीपुढे बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. कीर्तनात आम्ही ही कथा एकाग्रतेच्या दृष्टांतासाठी सांगतो. पण पुढचे सारे नाथचरित्रही या पाईतच आहे बघा. ज्याला एका पाईची बाकी झोपू देत नाही, तो उपकाराची बाकी कशी ठेवील?

केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. व्याकरण एवढेच सांगते. श्रुतीने देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण आपल्यावर सांगितले आहे. पहिली तीन आपण पूजा, पारायण नि श्राद्ध करून फेडू पाहतो. चौथे बहुधा विसरतो. नाथांच्या वहीत चारही खाती चालू होती.

गुरूंचे खाते पाहा. अभंग स्वतः रचला, पण शेवटी नाव एकट्याचे घातले नाही; एका जनार्दनी हीच मुद्रा. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीक्षेत्री नाथभागवत पूर्ण झाले. त्याच्या आरंभी पणजोबा भानुदासांपासून मातापित्यांपर्यंत सर्वांना वंदन आहे.

ज्ञानेश्वरमाउलींचे देणे तर केवढे! ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले. सांप्रदायिक कथा अशी की, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली असल्याचा दृष्टांत नाथांना झाला. ते आळंदीस गेले आणि ती मुळी त्यांनी दूर केली. मग शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद लिहून ठेवली. शेजारणीचे पातेले आणले तर आपल्या आया ते घासूनपुसून लख्ख करून परत देत. नाथांनी माउलींचा ग्रंथ तसाच पुढच्यांच्या हाती दिला.

आता मनुष्यांचे ऋण. गोदास्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक उन्मत्त मनुष्य पुनःपुन्हा थुंकला, आणि नाथ तितक्याच वेळा पुन्हा स्नानास गेले. शेवटी तो पायांवर लोळला, तेव्हा नाथांनी उलट त्याचाच उपकार मानला. त्याच्यामुळे एका दिवसात गोदामाईची इतकी स्नाने घडली म्हणून. श्राद्धाचा स्वयंपाक झाला असता, त्या काळी अस्पृश्य मानलेली माणसे वाटेवर भुकेली दिसली. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी आधी त्यांना जेवू घातले. गावाचा रोष पत्करला, पण पितरांचे देणे भुकेल्या माणसांच्या पानावर वाढले.

आणि श्रीखंड्या! देवाने या नावाने बारा वर्षे नाथांच्या घरी पाणी भरले, अशी आपली श्रद्धा. या कथेतली हुरहूर ही की, पाणी भरणाऱ्याची ओळख तो निघून गेल्यावर पटली.

इथे आमचीही एक बाकी सांगितली पाहिजे. आमच्या दिंडीत एक म्हातारी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालत असे. अभंग म्हणून घसा सुकला की न मागता तांब्या पुढे करी. आम्ही पाणी प्यावे, माउली म्हणून हात जोडावे नि पुढची वाट धरावी. अशी कितीतरी वर्षे गेली. एका आषाढीस ती दिसली नाही. चौकशी केली, तर दिंडीत कोणालाच तिचे नावगाव सांगता येईना. सगळे माउलीच म्हणत हो! ती आहे की गेली, ते आम्हांस आजवर कळले नाही. श्रीखंड्याची कथा गावोगाव सांगणारे आम्ही, पाणी देणाऱ्या हाताचे नाव विचारले नाही.

ते पाणी आता फिटायचे नाही. तेव्हापासून एवढे मात्र करतो. ज्या घरी भाकरी खाल्ली, त्या घरच्या माउलीचे नाव विचारतो आणि पुढच्या वारीला त्या नावाने हाक मारतो. कीर्तन झाले की मृदंगवाले आणि टाळकरी यांच्या पाया आधी आम्ही पडतो. पंगतीत वाढणारी मंडळी शेवटी जेवायला बसली, की त्यांच्या पानात आमच्या हाताने एक वाढ घालतो. ही कामे लहान आहेत. पण पाई तरी कुठे मोठी होती?

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदातीरी देह ठेवला. सद्गुरूंच्या पुण्यतिथीचीही तिथी हीच. नाथषष्ठीला यात्रेकरू पैठणास वाड्यातील श्रीखंड्याचा रांजण भरतात. त्यात घागर ओतताना प्रत्येकाने आपली वही मनात उघडावी. कोणाचे तरी नाव विचारायचे राहिलेले असेल. ते माणूस आहे तोवर विचारून घ्यावे. रामकृष्णहरी.