पाच सेंटांचा सम्राट

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, रॉडमन नावाच्या खेड्यात, १३ एप्रिल १८५२ रोजी फ्रँक विनफील्ड वूलवर्थचा जन्म झाला. वडील शेतकरी. घरी कष्ट भरपूर आणि पैसा बेताचा. फ्रँकला शेतकामाचा मनापासून कंटाळा होता आणि दुकानदारीचे विलक्षण वेड. हिशेबनिशीचे थोडे शिक्षण घेऊन १८७३ साली तो वॉटरटाऊन या जवळच्या गावी एका कापडदुकानात नोकरीस लागला. पहिले तीन महिने पगार नाही, ही मालकाची अट! त्यानंतर आठवड्याला साडेतीन डॉलर. गिऱ्हाइकाशी बोलून माल खपवणे त्याला साधत नसे. मात्र दर्शनी काचेत माल मांडावा तो त्यानेच. या बिनपगारी तीन महिन्यांची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१८७८ साली त्याच्या मालकाने न खपलेला किरकोळ माल एका टेबलावर मांडून प्रत्येक वस्तूस पाच सेंट असा एकच भाव लावला. टेबल पाहता पाहता रिकामे झाले. वूलवर्थने त्यावरून धडा घेतला. सुमारे ३०० डॉलरचा माल मालकाकडूनच उधार घेऊन त्याने २२ फेब्रुवारी १८७९ रोजी युटिका शहरात पाच सेंटांचे दुकान उघडले. ते काही महिन्यांतच बुडाले. पण गडी हटला नाही. त्याच वर्षी २१ जूनला पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे दुसरे दुकान थाटले आणि ते चालले. लवकरच दहा सेंटांचा मालही आला. आपल्याकडे जत्रेत ‘हर एक माल’ अशी आरोळी ठोकणारा गाडीवाला असतो. त्याचीच ही युक्ती. फरक इतकाच, की वूलवर्थने तिच्यावर साम्राज्य उभारले.

त्याचे तंत्र साधे होते. व्यवहार रोखीचा, उधारी बंद. भाव ठरलेला, घासाघीस नाही. माल कपाटात न ठेवता उघड्यावर मांडायचा. गिऱ्हाइकाने हाताळावा, पाहावा आणि घ्यावा. मधले दलाल वगळून थेट कारखान्यातून माल उचलायचा, तोही अशा प्रचंड प्रमाणात, की कारखानदाराने मुकाट्याने भाव उतरवावा. गावातल्या एकट्यादुकट्या दुकानदाराला हे कसे परवडणार? जर्मनीतील लाउशा गावी घरोघर, बायकामुलांसकट साऱ्या कुटुंबाने फुंकून-रंगवून तयार केलेले काचेचे नाताळ-गोळे त्याने अमेरिकेतील सामान्य माणसाच्या घरात पोचवले. ते करणाऱ्या कुटुंबाच्या पदरात काय पडत होते, हे पाच सेंट मोजणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

आणि काउंटरमागच्या मुली? माल उघडा मांडलेला, भाव लिहिलेला. मग विक्रेत्याला कौशल्य कशाला हवे? मुली नवख्या असल्या तरी चालत आणि पगार तुटपुंजा दिला तरी भागत असे. १८९० नंतरच्या काळात आपल्या व्यवस्थापकांना पाठवलेल्या पत्रात वूलवर्थने हे आडपडदा न ठेवता सांगितले आहे: नोकर स्वस्त असतील तरच माल स्वस्त विकता येईल, आणि एखादी मुलगी तरबेज होऊन तिला दुसरीकडे जास्त पगार मिळू लागला तर तिला खुशाल जाऊ द्यावे. पुढे नाताळचा बोनस आणि पगारी रजा त्याने सुरू केली, हेही नोंदले पाहिजे. तरीसुद्धा ज्याने स्वतः तीन महिने फुकट राबून पाहिले होते, त्याच्या हातून हे पत्र जावे याचे मला नवल वाटते. कदाचित म्हणूनच गेले असेल. आपण सोसले, तसे इतरांनीही सोसावे, असे मानणारी माणसे थोडी नसतात.

पण त्याला नुसता खलनायक ठरवणेही मला पटत नाही. ज्या घरात कधी काचेचा पेला आला नव्हता तिथे तो त्याच्यामुळे आला. हातात एक नाणे असलेले पोरही त्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे राही. अर्थशास्त्राच्या तासाला ग्राहकाचे हित आणि कामगाराचे हित असे दोन वेगळे रकाने आपण पाडतो. वूलवर्थच्या दुकानात मात्र काउंटरच्या दोन्ही बाजूंना बहुतेक एकाच थरातील माणसे असत. अपुऱ्या पगाराच्या मुलीला स्वस्त दुकानच गाठावे लागे, आणि दुकान स्वस्त राहावे म्हणून तिचा पगार अपुरा राही.

१९०९ मध्ये लिव्हरपूल येथे त्याचे पहिले ब्रिटिश दुकान निघाले. १९१२ मध्ये प्रतिस्पर्ध्यांसह एकत्र येऊन ५९६ दुकानांची एक कंपनी झाली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत उभी राहिली. १ कोटी ३५ लाख डॉलरचा खर्च, आणि तोही रोख! १९३० पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत हीच होती. तिच्या दालनात नाणी मोजत बसलेल्या वूलवर्थचे गमतीदार शिल्प आहे. ८ एप्रिल १९१९ रोजी तो वारला. दुखऱ्या दातांकडे दुर्लक्ष केल्याने विष भिनले, असे सांगतात. त्यावेळी दुकाने हजारावर गेली होती.

त्याने मागे ठेवलेला प्रश्न मात्र मिटला नाही. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी डेट्रॉइटच्या दुकानातील शंभरावर मुलींनी आतच ठाण मांडले आणि आठवड्याच्या आत ताशी पाच सेंटांची वाढ मिळवली. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णी महाविद्यालयीन विद्यार्थी वूलवर्थच्याच उपाहार-काउंटरवर जाऊन बसले. इतर काउंटरवर त्यांचे पैसे चालत. इथे कॉफी नाकारली गेली. तेव्हा उत्तरेकडील शहरांतही या दुकानांसमोर निदर्शक उभे राहिले आणि आत शिरणाऱ्यांना, इथे खरेदी करू नका, असे विनवू लागले. त्याच वर्षी जुलैत तो काउंटर सर्वांना खुला झाला.

१९६२ साली सॅम वॉल्टनने आर्कान्सामध्ये वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. मोठी खरेदी, थोडा नफा आणि कमी पगार हीच वाट त्याने आणखी रुंद केली. १९९७ मध्ये वूलवर्थ कंपनीने अमेरिकेतील आपली उरलेली चारशेवर जुनी दुकाने बंद केली. गिऱ्हाइके अधिक स्वस्त दुकानांकडे वळली होती.